काहिलीतली शिकार

खोली बघायला गेलो तेव्हा आप्पांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काही म्हणून विचारलं नाही. चष्म्यावरून मला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाले, "पावणं, वजन किती तुमचं?"

मला वाटलं, खोली माडीवर आहे, लाकूड जुनं असेल, म्हणून काळजी करतायत. म्हणालो, "असंल साठ-बासष्ट."

"असंल न्हवं. बघू या."

परड्यात गुळाच्या ढेपा तोलायचा एक जुना काटा होता. त्यावर मला चक्क उभं केलं. एकसष्ट भरलो. आप्पांनी मान हलवली, ती पसंतीची होती हे मला नंतर कळलं.

"पोहता येतंय?"

"न्हाय."

"झोपेत घोरता?"

"न्हाय."

"मग ऱ्हावा."

एवढ्यावर खोली मिळाली. मी नेसरीचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. पंचतारांकित म्हटल्यावर आमच्या आईनं भावकीत सांगून टाकलं होतं की पोरगं मोठ्या हॉटेलात लागलं. तर असा मी, दिवसभर भट्टीपुढं भाजून निघणारा माणूस, कोल्हापुरात आप्पांच्या माडीवर येऊन पडलो आणि सात वर्षं तिथंच राहिलो. आता कागलला स्वतःचं घर आहे, बायको आहे, वजन शहात्तर आहे. पण त्या सात वर्षांतले सात पौष मी कुठं काढले हे सांगितलं तर लोक म्हणतात, पिऊन बोलतोय.

मी ते आप्पांच्या काहिलीत काढले.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची लोखंडी कढई. आप्पांची गुऱ्हाळाच्या मानानं लहान होती, तरी तीन माणसं आणि तीन दिवसांचा बाडबिस्तरा आरामात मावायचा. आमच्याकडं पूर आला की लोक काहील पाण्यात घालतात आणि ह्या घरातनं त्या घरात जातात. त्यात नवल काही नाही. नवल हे की आप्पा ती थंडीत पाण्यात घालायचे. बिद्रीच्या खालच्या अंगाला नदीकाठी त्यांचं शेत होतं, बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. तिथनं निघायचं आणि दोन मुक्काम करत कागलच्या हायवेच्या पुलापर्यंत यायचं. दरसाल, पौषात, न चुकता. ह्या प्रकाराला आप्पा म्हणायचे, शिकार.

आता गंमत बघा. आप्पा जैन. तेही असे तसे नाहीत. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, कांदा-बटाट्याला शिवणार नाहीत, दिवस मावळला की तोंडात शितही घालणार नाहीत. आणि हा माणूस शिकारीला जातो म्हणून गल्लीभर सांगत फिरायचा. त्यांच्या बायकोला, म्हणजे मामींना, नवीन बायका विचारायच्या, "अवं, खरंच शिकार करतात व्हय?" मामी म्हणायच्या, "करत्यात की. येताना धुणं आणत्यात तेवढं."

ह्या शिकारीची मूळ कथा मला सुभेदारांनी सांगितली. सुभेदार म्हणजे आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. एकाच गावचे, एकाच शाळेतनं एकाच दिवशी पळून आलेले. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून परत आले आणि कोल्हापुरात आप्पांच्या मागल्या गल्लीत घर बांधलं. पन्नासएक वर्षांपूर्वी, दोघं तरणेबांड असताना, सुभेदार पहिल्या मोठ्या सुट्टीवर आले ते चुलत्याची ठासणीची बंदूक घेऊनच. नदीला बदकं उतरली होती. पण पाण्यात जायला साधन कुठलं? काहील. आणि काहील कुणाची? आप्पांच्या वडलांची. आप्पा म्हणाले, "काहील देतो, वल्हवायला बी येतो. पण माझ्या काहिलीतनं जीव मारायचा न्हाय."

"मग बंदूक घेऊन काय आरती करू?"

"बंदूक ठेव घरात. वल्ह्यानं नेम धर, तोंडानं ठो म्हण. ज्यानं आधी बघितलं आन नाव बरोबर सांगितलं, पाखरू त्याचं."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. पण बदकं डोळ्यासमोर तरंगत होती आणि दुसरी काहील नव्हती. गेले. आणि त्या पहिल्याच दिवशी एका पाखरावरनं असं भांडण पेटलं की दोघं काठावर उतरून तासभर तावातावानं बोलत होते. आप्पा म्हणत धोबी, सुभेदार म्हणत तुतवार; दोन्ही पाखरं बारकी, काठानं शेपूट हलवत फिरणारी. त्यानंतर सुट्टी मिळेल त्या प्रत्येक पौषात गेले. भांडण काही मिटलं नाही. मला विचाराल तर ते मिटू नये म्हणूनच दोघं जात होते.

आप्पांचं एक वाक्य होतं, ते दर चार घटकांनी यायचं. "बघितलं ते आपलं, धरलं ते पापाचं." दुसरं, मी लवकर आवरा म्हटलं की, "घाई असंल तर यष्टी हाय की, नदीला कशाला यायचं?" आणि सुभेदारांचं वाक्य एकाच शब्दाचं. "चूक." आप्पांनी तोंड उघडायच्या आधीच कधी कधी ते चूक म्हणून बसायचे. एकदा आप्पा नुसते शिंकले, तरी म्हणाले, "चूक."

आप्पा माणसांना पाखरांची नावं द्यायचे. मी तुतवार. का, तर बसल्या जागी माझं बूड सारखं हलतं म्हणे. सुभेदार टिटवी, उगाच कालवा करतात म्हणून. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला राखी बगळा, एका पायावर उभा राहतो म्हणून. मामी कोतवाल. हे मामींना ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

काहिलीत बसायची एक रीत आहे. आप्पा आणि सुभेदार समोरासमोर, दोघांच्या हातात वल्ही, आणि मी मधोमध बोचक्यांबरोबर. काहिलीला ना पुढं ना मागं. दोघांनी बेतानं आळीपाळीनं वल्हं मारलं तर ती चालते, नाहीतर जागच्या जागी गरगर फिरते. आणि भांडणारी माणसं कुठली आळीपाळीनं वल्हं मारतायत? पहिल्या साली मी इतका फिरलो की काठावर उतरल्यावरही बाभळी फिरत होत्या. माझं काम होतं वजन धरून बसायचं आणि निवाडा द्यायचा. माझ्या आधीचा भाडेकरू लग्न झाल्यावर सुटला, काहील खोल बसायला लागली, म्हणून आप्पांनी त्याला घरी ठेवलं. तो रुसून खोलीच सोडून गेला. माझी नेमणूक त्या जागी झाली होती.

ही काही वाहत्या पाण्यातली मजा नव्हे हं. थंडीत बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या असतात, नदी तुंबून तळ्यासारखी पडलेली असते. एकेक हात वल्हवत जायचं आणि बंधारा आला की काहील पाण्यातनं काढून पलीकडं न्यायची. ते दोघं सत्तरीकडं झुकलेले आणि मी असा काडीपैलवान. मग आप्पा काठावर उभं राहून ऊसतोडीच्या माणसांना हाक द्यायचे, "पावणं, जरा हात लावा की!"

ती माणसं कोयते टाकून यायची, काहिलीकडं बघायची, आकाशाकडं बघायची. "आजोबा, पूर कुठं आलाय?"

"आला न्हाय अजून. आमी लवकर निघालोय," आप्पा शांतपणे सांगायचे.

हसत हसत माणसं काहील उचलायची. वर उसाचं कांडं हातात द्यायची. दरसाल तेच उत्तर, आणि दरसाल ते नव्यानं सांगितल्यासारखं सांगायचे.

मुक्कामाचं सगळं आप्पांच्या पोटाच्या घड्याळावर चालायचं. पौषातला दिवस तो केवढासा. चार वाजले की आप्पांची घालमेल सुरू. मळईवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, ताडपत्री टाकायची, तीन दगडांची चूल, पिठलं-भाकरी, आणि सूर्य बुडायच्या आत हात धुऊन मोकळं. सुभेदारांना साडेआठला पुन्हा भूक लागायची. ते घरनं सुक्या मटणाचा डबा आणायचे. आप्पांची त्याला हरकत नव्हती, फक्त तीस पावलं लांब जाऊन खायचं. पावलं आप्पा स्वतः मोजून द्यायचे. सुभेदार अंधारात एकटे बसून खायचे आणि तिथनं ओरडून आप्पांशी दुपारच्या पाखरावरनं भांडायचे. मी मधे वाकळंत. थंडी अशी की दात वाजायचे, आणि दोन्हीकडनं आवाज.

एकदा मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुणीतरी फोन करून कळवलं की तीन माणसं नदीत शिकार करत फिरतायत. वनखात्याचा एक गार्ड मोटरसायकल घेऊन काठावर हजर. तरणा पोरगा, नवी वर्दी. "काय चाललंय? शिकार करताय?"

सुभेदार बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "व्हय."

"किती मारली?"

"सकाळधरनं तेरा. त्यातली आठ माझी."

सुभेदारांनी डोळे मिटले. आप्पांना खोटं बोलता यायचं नाही हे एक दुखणंच होतं. खोटं तर सोडाच, अर्धवट खरंही जमायचं नाही. गार्ड म्हणाला, "कुठं हायत ती?"

"उडून गेली की."

"आणि बंदूक?"

आप्पांनी वल्हं उचललं, समोरच्या तारेवरल्या खंड्यावर धरलं आणि म्हणाले, "ठो. खंड्या. आता चौदा."

"चूक," सुभेदार म्हणाले. "त्यो मी आधी बघितलावता."

बिचाऱ्या गार्डनं काहील तपासली. पिठाचा डबा, वाकळा, गाळायचं फडकं, आणि घाबरून पांढरा पडलेला मी. मग तो काठावर टेकला, पाणी प्यायला, आणि जाता जाता म्हणाला, "ठो. टिटवी." सुभेदारांनी त्याच्याशीही दहा मिनिटं वाद घातला.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या साली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. निवाडा देणारा मी, त्यामुळं कुणी काय मारलं हे मला ठाऊक असायचं. आप्पा टिटवी मारत होते, खंड्या मारत होते, चक्रवाक तर दिसायच्या आधी मारत होते. पण पाणकावळा? एकही नाही. बगळा? नाही. नदीत पाणकावळे म्हणजे बाजारात माणसं असतात तेवढे, पंख पसरून जागोजाग बसलेले. सगळे सुभेदारांच्या वाट्याला. रात्री वाकळंत पडल्या पडल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणकावळा ओरडत नाही. बगळा क्वचित ओरडतो. आप्पा जी पाखरं मारत होते ती सगळी आवाज करणारी होती.

घरी आल्यावर मी त्यांना गच्चीत गाठलं. समोर तारेला प्लास्टिकची काळी पिशवी अडकली होती. मी विचारलं, "आप्पा, ती कोण?"

त्यांनी मान तिरकी करून, डावीकडनं उजवीकडनं शोधून बघितलं. "घार," म्हणाले.

मी पिशवीकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "न्हवं काय?"

"न्हाय आप्पा. पिशवी हाय."

ते पायरीवर बसले. काचबिंदू. दोन्ही डोळे. कडेकडेनं दिसायचं बंद होत आलं होतं, मधला तुकडा तेवढा नळीतनं बघितल्यासारखा शिल्लक होता, आणि तोही बारीक होत चालला होता. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जमेल तेवढं राखायचं, म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते. मामींना माहीत होतं. पुण्याच्या लेकीला माहीत होतं. "फकस्त सुभेदाराला सांगू नगंस," आप्पा म्हणाले.

"का? ते काय खातायत तुम्हाला?"

"खात न्हाय रं. कीव करंल. साठ वर्षांत त्यानं माझं एक ऐकून घेतलं न्हाय. आता जर व्हय-व्हय म्हणाय लागला, तर मी मेल्यात जमा."

मी शब्द दिला. पुढच्या पौषापर्यंत तो मधला तुकडाही गेला. उजेड-अंधार कळायचा, समोर माणूस हलला की सावली कळायची, बस्स. पण घरातनं ते इतक्या सराईतपणे फिरायचे की परक्याला संशय येऊ नये. सुभेदार संध्याकाळी यायचे, ओसरीवर बसायचे, आणि आप्पा त्यांच्या आवाजाकडं बरोबर तोंड करून भांडायचे.

आणि मग निघायच्या आठ दिवस आधी सुभेदारांनी मला चहाच्या गाड्यावर गाठलं. म्हणाले, "गुळव्याला दिसत न्हाय." गूळ करणाऱ्याला गुळव्या म्हणतात, ते आप्पांना तसंच हाक मारायचे.

"मला काय म्हायती न्हाय," मी कपात बघत म्हणालो.

"मला शिकवतोस व्हय? अठ्ठावीस वर्षं पहारा केलाय मी. परवा त्याच्यापुढं पानाचा डबा उघडा धरला, त्यो भलतीकडंच हात करत होता." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ह्या खेपेला मी भांडणार न्हाय. पुढच्या साली येतोय न येतोय. एवढी एक शिकार त्याची त्याला जिंकू दे. तू बी गप ऱ्हायचं."

"अवं पर सुभेदार, भांडा की थोडं. न्हायतर बरं दिसायचं न्हाय."

"चूक. असल्या माणसाशी भांडत न्हाईत."

इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हे. एकाचं गुपित दुसऱ्याला सांगता येईना, दुसऱ्याचं पहिल्याला. मी काही काहिलीतलं बोचकं नव्हतो की गप्प पडून राहीन, पण सात वर्षं जो मान राखला होता तो मोडवत नव्हता. गेलो तसाच.

पहिल्या दिवशी निघून अर्धा तास झाला असेल. आप्पांनी वल्हं उचललं. "ठो. टिटवी."

मी 'चूक'ची वाट बघत बसलो.

"व्हय. तुझी," सुभेदार म्हणाले.

आप्पांचं वल्हं हवेतच राहिलं. मग वल्हवायला लागले. पुढं कवड्या खंड्या. "तुझा." मग चक्रवाकाची जोडी. "तुझीच." मग आप्पा म्हणाले, "ठो. धोबी," आणि तो होता तुतवार, मला समोर दिसत होता, शेपूट हलवत. ज्या पाखरावरनं पन्नास वर्षं भांडण जिवंत होतं ते हे पाखरू. मी सुभेदारांकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "बरोबर."

त्या दिवशी काहील एकदाही गरगरली नाही. दोघं आळीपाळीनं वल्हं मारत होते आणि ती सरळ चालली होती. इतका वाईट प्रवास मी जन्मात केला नाही. संध्याकाळी आप्पांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. अन्न टाकणारा माणूस नव्हता तो. सुभेदार आपला डबा घेऊन तीस पावलं गेले आणि तिथनं काही ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. ते उठून गेलं, ऊन आलं, पाणी लख्ख झालं. कसलाच आवाज नव्हता. आप्पांनी सावकाश वल्हं उचललं आणि पलीकडच्या काठाकडं धरलं.

"ठो. रोहित. वाळूत एकटाच हुबा हाय. गुलाबी."

पलीकडं वाळूच नव्हती. गाळ होता आणि त्यात एक तुटकी बादली. आणि आमच्या ह्या नदीला मी कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघितला नव्हता. मी तोंड उघडलं, पण सुभेदार आधी बोलले.

"व्हय. हाय की. तुझा."

आप्पांनी वल्हं काहिलीत आडवं ठेवलं. काहील हळूहळू फिरायला लागली.

"सुभेदार," आप्पा म्हणाले. समोरासमोर रागाशिवाय ते त्यांना सुभेदार म्हणत नसत. "कवापासनं कळलंय तुला?"

सुभेदार वल्ह्याचं पाणी झटकत राहिले.

"ह्यानं सांगितलं?"

"न्हाय. माझं मला कळलं."

"मग ऐक. मला हाताला धरून बंधाऱ्यावरनं ने, चालंल. भाकरी मोडून ताटात घाल, चालंल. पर खोटी शिकार माझ्या पदरात टाकू नगंस. जनमभर कुणाचं खोटं घेतलं न्हाय. ते तुझ्या हातनं घ्याय लावू नगंस लका."

सुभेदारांनी गळ्यातला मफलर सारखा केला. माणूस फौजेतला, बोलला ते खेकसूनच. "मग काय करू? आंधळ्यासंगं भांडू?"

त्यांनी तो शब्द उच्चारला आणि मी काहिलीची कड घट्ट धरली. आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र काल सकाळपासनं पहिल्यांदा जीव आला.

"भांड की," ते म्हणाले. "दुसरं काय येतंय तुला?"

काहील फिरत होती. कुणी वल्हं मारेना. सुभेदारांनी नाक शिंकरलं. मग गळ्यातला लोकरी मफलर काढला, त्याची घडी केली, आणि स्वतःच्या डोळ्यांवरनं गच्च आवळून मागं गाठ मारली. "पोरा, बघ रं. फट न्हाय न्हवं कुठं?"

मी बघितलं. माझेच डोळे भरून आले होते, मला नीट दिसत नव्हतं. म्हणालो, "न्हाय."

"काय करतोयस?" आप्पांनी विचारलं.

"डोळं बांधल्यात. आता दोघं बी सारखं. चल, वल्हं घे."

मग जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. दोन म्हातारे, एकाला दिसत नाही, दुसऱ्यानं बघायचं नाही असं ठरवलेलं, दोघांच्या हातात वल्ही, आणि मधे पोहता न येणारा मी, डावीकडं, उजवीकडं, बाभळ आली, वाका, म्हणून बोंबलतोय. काहील दोनदा काठाला धडकली. एकदा म्हशींच्यात शिरली.

"ठो," सुभेदार म्हणाले. "टिटवी."

आप्पांनी मान वाकडी करून ऐकलं. "चूक. बैलगाडीचा आस वाजतोय."

मी बघितलं. काठावरनं उसाची गाडी चालली होती. "गाडीच हाय," मी म्हणालो.

"ठो. चक्रवाक."

"चूक. मोटर सुरू झाली कुणाची तरी. पाणी याय लागलंय, ऐक."

पाइपातनं खरोखर पाणी पडायला लागलं होतं. सुभेदार चिडले. जरा वेळानं त्यांनी एका रेडकाला बगळा ठरवलं. आप्पा मात्र एकामागून एक मारत सुटले. तुतवार, तुतवारच, धोबी न्हवं. खंड्या. वेडे राघू, चार-पाच, तारेवर. पाण्यात बुडालेलं काहीतरी वर आलं, नुसता थेंब गळाल्याचा आवाज, तर म्हणाले, "ठो. पाणकावळा." मी वळून बघितलं, आणि होता. मुका पाणकावळा, दोन वर्षांत पहिला. मी बोंबलूनच निवाडा दिला.

"ह्यो लबाड हाय!" सुभेदार ओरडले. "चोरून सराव केलाय ह्यानं!"

"सराव न्हवं रं. नाइलाज," आप्पा म्हणाले.

त्या ओरडण्यानं लव्हाळ्यातनं बदकं भर्रकन उठली. आप्पांचं तोंड त्यांच्या पंखांमागं फिरलं. "ठो. हळदी-कुंकू बदक. सात."

"किती रं पोरा?" सुभेदार.

मी मोजली. पुन्हा मोजली. आता खोटं बोलायची सोय नव्हती. "आठ."

"चूक!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली, काहील कलंडली, पाणी आत आलं. "चूक, चूक, गुळव्या! आठ हायत आठ!"

"एक मुकाट्यानं उडालं आसंल."

"मुकाट्यानं उडालं म्हणं! मग मोजू नगंस की!"

"तू रेडकाला बगळा म्हणतोस!"

दोघं असे भांडले, असे भांडले, की काठावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. काहील भिंगरीसारखी फिरत होती. वल्ह्यांचं पाणी माझ्या अंगावर उडत होतं, गारठलो होतो, आणि मला वाटत होतं, हे संपू नये. आदल्या दिवशी मेलेला माणूस माझ्यासमोर बसून हातवारे करत होता.

दुसरा मुक्काम तसाच भांडणात गेला. तिसऱ्या दिवशी निघताना सुभेदारांनी सकाळीच मफलर पुन्हा बांधला. आप्पा त्यांना लय मागं टाकून होते आणि सुभेदार ते कबूल करायला तयार नव्हते. दुपार कलली. समोर हायवेचा पूल दिसायला लागला. वरनं ट्रक, टेंपो, यष्ट्या, सगळ्या जगाचा आवाज पाण्यावर येत होता. पुलाखाली काहील परत न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन थांबली होती.

मी म्हणालो, "सुभेदार, सोडा आता ते. पूल आला."

"तू गप. तू निवाडा देणारा, तुला कोण विचारतंय?" त्यांनी मफलर बांधलेलं तोंड समोर केलं. "गुळव्या, तू सांग. पूल आलाय व्हय?"

आप्पांनी वल्हं थांबवलं आणि कान दिला. बरोब्बर आमच्या डोक्यावरनं एक लांबलचक ट्रक हॉर्न देत गेला. पुलाच्या सावलीत आम्ही तिघंही गार पडलो होतो.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "अजून लई लांब हाय."

सुभेदारांनी हो म्हणून मान हलवली. मी आप्पांच्या हातातलं वल्हं घेतलं, ट्रॉलीवाल्याला हातानंच थांब म्हणून खूण केली, आणि काहील परत वरच्या अंगाला वळवली.